शौचाला होत होतं, मग आतडं अडकलं कसं?

हर्निया म्हणजे पोटाच्या भिंतीतल्या फटीतून आतडं वगैरे बाहेर येणं. त्याबद्दल सीमाभागातून आलेल्या पत्रांपैकी सहा या अंकात घेतली आहेत. नावं गाळली आहेत, गावं ठेवली आहेत. पहिल्या पत्राला जास्त जागा दिली आहे. त्यातला प्रकार क्वचित दिसतो, आणि दिसतो तेव्हा बहुधा उशीर झालेला असतो.

निपाणीहून एक वाचक लिहितात: आमच्या आज्जीचं वय ७४. अंगानं बारीक, सहा बाळंतपणं झालेली. उजव्या जांघेत लिंबाएवढी गाठ आली आणि दुखायला लागली. त्याच आठवड्यात पायात काटा मोडला होता, त्यामुळं सगळ्यांना अवधाणच वाटलं. जवळच्या डॉक्टरांनीही तेच समजून गोळ्या दिल्या. दोनदा उलटी झाली, पण रोज थोडं परसाकडं होत होतं, वाराही सरत होता. पाचव्या दिवशी गाठीवरची कातडी लाल-काळी पडली. ऑपरेशन करून आतड्याचा चार इंचांचा तुकडा काढावा लागला. कागदावर ‘रिश्टर हर्निया’ असं लिहिलंय. शौचाला होत होतं, मग आतडं अडकलं कसं? आम्हाला आधी कळलं असतं का?

उत्तर: नावाचा गोंधळ आधी काढून टाकू. भूकंप मोजणारे रिश्टर वेगळे. हे ऑगस्ट रिश्टर अठराव्या शतकातले जर्मन शल्यचिकित्सक. या हर्नियाचं नीट वर्णन त्यांनी केलं, म्हणून त्याला त्यांचं नाव पडलं.

नेहमीच्या अडकलेल्या हर्नियात आतड्याचं अख्खं वेटोळं फटीतून बाहेर येतं आणि गळ्याशी आवळलं जातं. नळीच बंद झाल्यानं पोट फुगतं, उलट्या होतात, शौच आणि वारा दोन्ही थांबतात. हे चित्र घरच्यांनाही ओळखू येतं. रिश्टर प्रकारात अख्खी नळी फटीत जातच नाही. तिच्या भिंतीचा एका बाजूचा भाग तेवढा चिमटीत सापडतो. सायकलच्या ट्यूबला एका बाजूनं चिमटा काढून बघा. चिमटीतलं रबर आवळलं जातं, पण उरलेल्या पोकळीतून हवा जात राहते. आतड्याच्या घेराचा साधारण दोन तृतीयांशापेक्षा कमी भाग सापडला असेल तर वाट पुरती बंद होत नाही. म्हणून आज्जींना शौचाला होत होतं आणि त्याच वेळी चिमटीतला तुकडा मरत होता.

तो मरतोही लवकर. अख्खं वेटोळं बाहेर येतं तेव्हा त्याच्याबरोबर आतड्याचा चरबीचा पडदाही येतो आणि फटीच्या कडेचा दाब थोडा वाटला जातो. इथं फटीची कडक कडा थेट भिंतीवर बसते. शिवाय बहुधा सापडते ती पडद्याच्या विरुद्ध बाजू. रक्तवाहिन्या पडद्यातून येतात, त्यामुळं विरुद्ध बाजूला त्यांची अगदी शेवटची टोकं पोचलेली असतात. घटप्रभेच्या कालव्याच्या शेवटाला ज्यांचं रान आहे त्यांना हे वेगळं सांगायला नको. पाणी कमी झालं की आधी तेच सुकतं. आधी रक्त परत नेणाऱ्या शिरा दाबल्या जातात. भाग सुजतो. सुजला की फट आणखी आवळते, मग रक्त आणणारी धमनीही बंद होते. हे सगळं दिवसांत नव्हे, तासांत घडतं. सहा तास उलटले की धोका झपाट्यानं वाढतो.

पुढं मेलेल्या भिंतीला भोक पडतं. आतली घाण आधी हर्नियाच्या पिशवीत, मग कातडीखाली पसरते. गाठ गरम, लाल, मऊ होते आणि ‘पिकली’ असं वाटतं. यातली सगळ्यात वाईट चूक इथंच होते. गळू समजून कुणी चीर देतो आणि पूबरोबर शौच बाहेर येतं. क्वचित घाण अशी बाहेरच्या बाहेर निघाल्यानं पोटाच्या आत पसरणं टळतं, पण त्या भरवशावर कुणी बसू नये. आत पसरलं तर वयस्क माणूस हातचं जातं.

आता तुमचा दुसरा प्रश्न. अवधाण म्हणजे पायाच्या जखमेमुळं सुजलेल्या जांघेतल्या गाठी. त्या बहुधा एकाहून जास्त असतात, कातडीखाली बोटानं थोड्या हलतात, पायावर जखम किंवा लाल रेघ दिसते, ताप असतो. आज्जींना झाला तो जांघेच्या घडीच्या खालचा हर्निया. डॉक्टर त्याला फिमोरल म्हणतात. मांडीकडून येणाऱ्या मोठ्या शिरेच्या शेजारी एक अरुंद वाट असते, करंगळी जेमतेम शिरेल एवढी. तिच्या तीन कडा हाड आणि कडक पट्ट्यांच्या असतात, त्यामुळं ती सैल होत नाही. रिश्टर प्रकार सर्वाधिक आढळतो तो इथंच. गाठ एकच असते, ताठ असते, बुडाशी खिळल्यासारखी वाटते. खोकल्यावर हर्निया उसळी घेतो असं आपण ऐकलेलं असतं, पण एकदा अडकला की तो उसळी घेत नाही. त्या खुणेवर विसंबू नका. पायात काटा मोडलेला असणं हाही पुरावा नाही. आपल्याकडं रानात अनवाणी जाणाऱ्या कुणाच्या पायात काटा नसतो? विसंबायचं ते उलटीवर. अवधाणानं उलटी होत नाही. जांघेत दुखरी गाठ आणि तिच्या जोडीला उलटी किंवा पोटात कळ, हे दोन एकत्र आले की त्याच दिवशी सर्जन गाठायचा, मग शौचाला कितीही साफ होवो.

तपासणीतही फसगत होते. उभं करून काढलेल्या एक्स-रेमध्ये आतडं अडल्याच्या खुणा दिसतात, पण रिश्टर प्रकारात वाट उघडी असल्यानं तो निर्मळ येऊ शकतो. रक्तातल्या पांढऱ्या पेशी सुरुवातीला वाढलेल्या असतीलच असं नाही. सोनोग्राफीला पाठवताना कागदावर नुसतं ‘पोट’ लिहिलेलं असेल तर तपासणारा पोटच बघतो. ‘जांघेतली गाठ, हर्निया अडकलाय का’ असं स्पष्ट लिहून घ्या. शंका उरलीच तर शिरेतून औषध देऊन केलेला सीटी स्कॅन सगळ्यात खात्रीचा.

एक गोष्ट लिहावी की नाही असं वाटत होतं, पण लिहायला हवी. आपल्या भागातल्या म्हाताऱ्या बायका इरकली लुगडं सोडायला लाजतात, आणि दवाखान्यातही वरवर पोट दाबून ‘गॅस झालाय’ म्हणून सोडून देतात. जांघ बघितलीच जात नाही. पोटदुखी आणि उलटी घेऊन आलेल्या प्रत्येक वयस्क बाईची दोन्ही जांघा उघड्या करून तपासणी झाली पाहिजे. बरोबर गेलेल्या लेकीनं किंवा सुनेनं डॉक्टरांना तसं सांगावं. त्यात संकोच कसला?

असा हर्निया न दुखता नुसता दिसला तरी त्याला मुदत देऊ नये. १९९१ साली प्रसिद्ध झालेल्या एका ब्रिटिश पाहणीत फिमोरल हर्निया आवळला जाण्याची शक्यता ३ महिन्यांत २२ टक्के आणि २१ महिन्यांत ४५ टक्के निघाली. पुरुषांत जास्त दिसणाऱ्या नेहमीच्या जांघेतल्या हर्नियात हाच आकडा ३ महिन्यांत २.८ आणि दोन वर्षांत ४.५ टक्के होता. ‘सुगी उरकू दे, मग बघू’ हे दुसऱ्या प्रकारात एखाद वेळ चालून जाईल, पहिल्यात नाही.

आज्जींच्या खाण्यापिण्याची काळजी करू नका. लहान आतडं सुमारे सहा मीटर लांब असतं, त्यातले चार इंच गेल्यानं पचनात फरक पडत नाही. पाण्याची घागर आणि भरलेली बादली मात्र सहा आठवडे उचलू देऊ नका. खोकला असेल तर त्यावर आधी इलाज करा.

संकेश्वरजवळून एक वाचक: माझ्या आईला गाठ कुठंच नाही. पण अधूनमधून पोटात मुरडा येतो, उलटी होते आणि मांडीच्या आतल्या बाजूनं गुडघ्यापर्यंत कळ जाते. संधिवाताच्या गोळ्या चालू आहेत. हाही हर्निया असू शकतो का?

उत्तर: असू शकतो. कंबरेच्या हाडात खाली एक भोक असतं, त्यातून मांडीच्या आतल्या बाजूची नस जाते. खूप वाळलेल्या, वयस्क बाईत तिथली चरबी झिजते आणि त्या भोकात आतड्याची भिंत शिरते. ते मांडीच्या स्नायूंखाली खोल असल्यानं बाहेर गाठ दिसत नाही. नस दाबली गेल्यानं कळ गुडघ्यापर्यंत जाते. मांडी मागं किंवा बाहेर नेली की कळ वाढते आणि गुडघा पोटाशी घेतला की कमी होते, ही त्याची खूण. आतडं पुरतं न अडकता रिश्टर पद्धतीनं चिमटीत सापडणं इथंही बरंच घडतं, म्हणून दुखणं येतं-जातं आणि महिनोन् महिने गुडघ्यावरच औषध चालतं. संधिवातानं उलटी होत नाही. ती गोळ्यांनी होत असेल असंही वाटेल, पण तो निर्णय सीटी स्कॅन झाल्यावर करा.

खानापूर तालुक्यातून: वडिलांना पंधरा वर्षांपासून जांघेत हर्निया आहे, पट्टा बांधतात. मागच्या महिन्यात तो आत जाईना. शेजारच्या एकानं जोर लावून ढकलला, तेव्हा गेला. पुन्हा असं झालं तर घरी किती वेळ प्रयत्न करावा?

उत्तर: जोर लावून? एक मिनिटही नाही.

गाठ नुकतीच बाहेर आली असेल, मऊ असेल, दाबून दुखत नसेल, उलटी नसेल तर एवढंच करायचं: उताणं झोपवा, कंबरेखाली दोन उशा द्या, गुडघे दुमडून ठेवा, श्वास संथ घ्यायला सांगा. दहा-पंधरा मिनिटं शांत पडलं की बऱ्याचदा ती आपली आपण आत जाते. गेली नाही, किंवा दुखायला लागली, तर पुढचं काम दवाखान्याचं. तिथं दुखणं कमी करणारं इंजेक्शन देऊन डॉक्टर हलक्या हातानं ती बसवतात, तेही ती अडकून फार वेळ झाला नसेल आणि कातडी लाल नसेल तरच. आतडं मेल्याची शंका असेल तर ढकलायचं नसतं. मेलेला तुकडा पोटात गेला की दुखणं झाकलं जातं आणि विष आत पसरतं.

शेजाऱ्यांनी केलं त्यात दुसरा एक धोका होता. हर्नियाची पिशवी आणि तिचा आवळलेला गळा हे दोन्ही एकसंध पोटाच्या भिंतीआड सरकतात. बाहेरून गाठ नाहीशी होते, घरचे सुटलो म्हणतात, आत मात्र आतडं त्याच गळ्यात तसंच आवळलेलं राहतं. हे क्वचित घडतं, पण वर्षानुवर्षं पट्टा बांधलेल्यांना त्याचा धोका जास्त. पट्ट्याच्या घर्षणानं पिशवीचा गळा जाड आणि चिवट होतो. म्हणून गाठ गेली तरी कळ राहिली, उलटी थांबली नाही किंवा पोट फुगत गेलं तर गाठ गेली हे विसरून जा आणि निघा.

वडिलांचा हर्निया एकदा अडकून सुटला आहे, आता पट्ट्यावर दिवस काढू नका. ठरवून केलेलं ऑपरेशन दोन-तीन दिवसांचं काम आहे. रात्री दोन वाजता आतडं काळं पडल्यावर केलेलं ऑपरेशन निराळंच असतं.

अथणीहून: माझ्या भावाला लिव्हर सिरोसिस आहे, पोटात पाणी होतं. बेंबीचा हर्निया नारळाएवढा झालाय आणि वरची कातडी चकचकीत, निळसर दिसते. परवा तिथून थेंब-थेंब पाणी झिरपलं आणि थांबलं. हळद दाबून ठेवली आहे. काही करायला हवं का?

उत्तर: हळद काढा आणि आजच त्याला सर्जन असलेल्या रुग्णालयात न्या. उद्या नको.

पोटातल्या पाण्याचा दाब पातळ झालेल्या कातडीवर सतत पडत असतो. तिथं खपली धरली, काळा ठिपका आला किंवा थेंब गळाला म्हणजे ती फुटायच्या बेतात आहे. मग एखाद्या खोकल्यानं, उलटीनं किंवा शौचाला कुंथल्यानं ती फाटते आणि लिटरच्या लिटर पाणी एकदम बाहेर येतं. कधी त्यामागोमाग आतड्याचं वेटोळंही येतं. डॉक्टर याला फ्लड सिंड्रोम म्हणतात. इंग्रजीत त्याचा अर्थ पूर असा होतो आणि तो इथं चपखल बसतो, पण नाव पडलं ते १९६१ साली या प्रकाराबद्दल लिहिणाऱ्या डॉक्टर फ्लड यांच्यावरून. पाणी झपाट्यानं गेल्यानं रक्तदाब कोसळतो, मूत्रपिंडं बंद पडू शकतात, आणि उघड्या वाटेनं पोटात जंतू शिरतात. आधीच थकलेल्या लिव्हरला हे झेपत नाही.

फुटलंच तर आडवं झोपवा. उकळून गार केलेल्या पाण्यात भिजवलेलं स्वच्छ सुती कापड बेंबीवर ठेवा आणि ते सुकू नये म्हणून वरून स्वच्छ प्लास्टिकचा कागद झाका. आतडं बाहेर आलं असेल तर आत ढकलू नका आणि पंचा आवळून बांधू नका, सैल झाका. हळद, चुना, राख काहीही लावायचं नाही. लगेच १०८ ला फोन करा. रुग्णालयात शिरेतून द्रव, अल्ब्युमिन (रक्तातलं एक प्रथिन) आणि प्रतिजैविकं देतात, पोटातलं पाणी तपासायला पाठवतात, तब्येत सावरली की फट शिवतात. टाके टिकायचे तर पोटात पुन्हा पाणी भरता कामा नये. त्यासाठी दिवसाचं मीठ सगळं मिळून चमचाभर, म्हणजे पाच ग्रॅमच्या आत. लोणचं, पापड, खर्डा आणि भाकरीत घातलेलं मीठही त्यातच मोजायचं. अंगदुखीसाठी दुकानातून आणलेल्या वेदनाशामक गोळ्या सिरोसिसमध्ये मूत्रपिंडाला घातक असतात. त्या बंद.

चिकोडीहून एक आई: बाळ पाच महिन्यांचं आहे. बेंबी फुगते म्हणून सासूबाई रुपया ठेवून पट्टी बांधतात. रडलं की उजव्या जांघेतही फुगवटा येतो. तिथंही बांधावं का?

उत्तर: दोन्हीकडं नाही. रुपयानं बेंबीची फट बुजत नाही, खालची कातडी मात्र ओलसर होऊन चिघळते. बाळांची बेंबी बहुतेक वेळा चार-पाच वर्षांत आपोआप बसते, तोवर थांबता येतं. जांघेचं उलट आहे. तो हर्निया आपोआप जात नाही आणि पहिल्या वर्षात अडकण्याचा धोका सगळ्यात जास्त, म्हणून लहान मुलांच्या सर्जनला याच आठवड्यात दाखवून तारीख घ्या. फुगवटा कडक झाला, बाळ रडायचं थांबेना, हिरवी उलटी झाली तर दूध बंद करून लगेच निघा. उजव्या बाजूच्या हर्नियात कधीकधी अपेंडिक्सही उतरलेलं सापडतं. १७३५ साली लंडनमध्ये क्लॉडियस अमियांड यांनी ११ वर्षांच्या मुलाच्या जांघेतल्या हर्नियातून अपेंडिक्स काढलं. त्यात टाचणी रुतलेली होती. अपेंडिक्स काढल्याची ती पहिली नोंद समजतात.

निपाणीच्याच दुसऱ्या वाचकांचा प्रश्न: रात्री अशी वेळ आली तर बेळगाव गाठावं की कोल्हापूर? आणि निघताना काय करावं?

उत्तर: गाव मोठं आहे का यापेक्षा तिथं या घडीला ऑपरेशन होणार आहे का, ते बघा. निघण्याआधी फोन करून तीन गोष्टी विचारा: सर्जन आता येतील का, भूलतज्ज्ञ आहेत का, अतिदक्षता विभागात खाट आहे का. एकाचं उत्तर नाही असेल तर पुढचा नंबर लावा. निपाणीकरांना कोल्हापूर जवळ, अथणीकरांना मिरज, खानापूरकरांना बेळगाव. मात्र राज्याची हद्द ओलांडायची तर कार्ड चालेल का, तेही त्याच फोनवर विचारून घ्या. आयुष्मान भारत–आरोग्य कर्नाटक योजनेत बीपीएल रेशनकार्डावर कुटुंबाला वर्षाला ५ लाखांपर्यंत उपचार मिळतात. रेशनकार्ड आणि आधार दोन्ही पिशवीत टाका आणि पोचल्यावर आरोग्यमित्राला, म्हणजे तिथं योजनेचं काम बघणाऱ्या माणसाला, गाठा. कार्ड शोधण्यात तास घालवू नका, ते मागून कुणीही आणून देईल.

घरातून निघतानाच तोंडानं घेणं बंद. चहा नाही, ओव्याचं पाणी नाही, हिंग नाही. पोट भरलेलं असेल तर भूल देताना उलटी फुप्फुसात जाण्याचा धोका असतो. एरंडेल किंवा एनिमा देऊ नका, अडलेल्या आतड्यावर त्यानं ताण येतो. नळ भरलेत म्हणून पोट चोळून घेऊ नका, शेकूही नका. मधुमेहाचं इंजेक्शन डॉक्टरांना विचारल्याशिवाय टोचू नका. रक्त पातळ करणारी गोळी चालू असेल तर तिची पट्टी बरोबर घ्या. एका कागदावर लिहा: गाठ कधी अडकली, शेवटचं कधी आणि काय खाल्लं, शेवटचं शौचाला कधी झालं, किती उलट्या आणि कुठल्या रंगाच्या. सर्जन पहिल्यांदा हेच विचारतात, आणि चार नातेवाईक चार वेगवेगळ्या वेळा सांगतात.

तिथं नाकातून पोटात नळी घालतात, लघवीची नळी घालतात, सलाइन आणि प्रतिजैविक सुरू करतात. पेशंटला हे नकोसं वाटतं, पण तयारीचा तास याच कामात जातो. ऑपरेशनमध्ये आतडं सोडवून कोमट सलाइनच्या फडक्यात गुंडाळून पाच-दहा मिनिटं बघतात. रंग गुलाबी झाला, चकाकी आली, हालचाल दिसली तर ते राखतात, नाही तर तेवढा तुकडा कापून टोकं जोडतात. भूल चढताच स्नायू सैल पडून आतडं आपणच पोटात निसटतं, असंही होतं. अशा वेळी ‘गेलं आत’ म्हणून थांबायचं नसतं, ते शोधून, बघून खात्री करावी लागते. त्यासाठी पोटावर दुसरी चीर किंवा दुर्बिणीचं भोक लागलं तर सर्जननं काम वाढवलं असं समजू नका. घाण पसरलेली असेल तर फट बुजवायला एरवी बसवतात ती जाळी बहुधा बसवत नाहीत, नुसते टाके घालतात, कारण जाळीत जंतू घर करतात. त्यामुळं पुढं हर्निया परत येण्याची शक्यता थोडी जास्त राहते आणि जाळी नंतर कधीतरी बसवावी लागू शकते.

संमतीपत्रक इंग्रजी किंवा कन्नडमध्ये असलं आणि ते वाचता येत नसलं, तर मराठी येणाऱ्या नर्सकडून वाचून घ्या आणि मगच सही करा. आतडं कापण्याची शक्यता, क्वचित पोटावर तात्पुरता शौचमार्ग काढण्याची वेळ, आणि पुरुषांत त्या बाजूचा वृषण गमावण्याची शक्यता, या तीन गोष्टी त्यात आहेत का ते विचारा. नसतील तर तोंडी समजावून घ्या.